पाठ टेकायची जागा

यमुनक्का गेल्या आणि दोनच दिवसांत त्या बिल्डरच्या कंपनीनं त्यांना श्रद्धांजली वाहिली. मोबाइलवर. पांढऱ्या फुलांची चौकट, खाली कंपनीचं चिन्ह आणि इंग्रजीत मजकूर, की शहरातल्या सार्वजनिक कलेला वाट दाखवणारी ज्योत मालवली. मधोमध यमुनक्कांचा फोटो. हातात गुच्छ, ओठ विलग झालेले, डोळे समोरच्या कुणावर तरी रोखलेले. बघणाऱ्याला वाटावं, काय छान हसताहेत बाई.

त्या हसत नाहीयेत. फोटो काढला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून सांगते. त्या 'स्वामी' म्हणताहेत.

ज्यांनी यमुनक्कांना पाहिलंय त्यांना एवढं पुरे. कन्नडमध्ये स्वामी हा आदराचा शब्द, कुणालाही लावता येतो. यमुनक्का रिक्षावाल्याला अण्णा म्हणायच्या, साहेबाला सार म्हणायच्या, मला पोरी आणि कुठल्याही पोराला मगा म्हणायच्या. स्वामी मात्र त्यांनी राखून ठेवला होता. राग अनावर झाला की त्यांचा आवाज खाली यायचा, त्या चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि समोरच्याला स्वामी म्हणायच्या. मग समजावं, आता याची खैर नाही. आरडाओरडा त्यांनी कधी केला नाही. मला तो येतो आणि इथे मी तोच करणार आहे. त्या फोटोखाली लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्यात आणि मला ते बघवत नाही.

यमुनक्का चामराजपेटच्या. मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आलेलं घराणं. "तेव्हा जे बसलो ते बसलोच, उठवणारा कुणी भेटला नाही," असं त्या सांगायच्या. त्यांची मराठी ऐकून निपाणीहून आलेली मीसुद्धा सुरुवातीला चाचपडले. 'स्वल्प सरक' म्हणजे थोडं सरक, 'सरी, मग ये' म्हणजे बरं, मग ये, असं निम्मं कन्नड त्यात मुरलेलं. आणि मी पुण्याच्या मैत्रिणींसारखं इंग्रजी मिसळून बोलायला लागले की त्या कानावर हात ठेवायच्या. जन्मभर त्यांनी सरकारी कन्नड शाळेत चित्रकला शिकवली. वर्गात बसून चित्र काढायचं नाही हा त्यांचा नियम. सगळी वरात रस्त्यावर निघायची. हातगाडी काढा, गाढव काढा, झोपलेला माणूस काढा, पण त्याला उठवू नका. हेडमास्तरांनी एकदा हरकत घेतली, तर म्हणाल्या, सार, मुलांना शाळेचं छप्पर पाठ झालंय, आता जग दाखवते.

त्यांची एक खोड होती. कुठलंही शिल्प, पुतळा, कारंजं दिसलं की त्या आधी त्याच्यावर किंवा त्याच्या चौथऱ्यावर बसून बघायच्या. मग पाठ टेकून बघायच्या. नंतर मत. माझ्या मारतहळ्ळीच्या घरी आल्या होत्या तेव्हा जवळच्या टेक पार्कच्या दारातला स्टेनलेस स्टीलचा चेंडू बघायला मी त्यांना हौसेनं नेलं. भर दुपार होती. त्यांनी चेंडूभोवती एक फेरी मारली, तळवा लावून बघितला आणि चटकन काढून घेतला. म्हणाल्या, "यावर पापड भाजून घे. दुसऱ्या कामाचं नाही हे." सिक्युरिटीवाला धावत येईपर्यंत आम्ही रस्ता ओलांडला होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. रस्त्यावरच्या वस्तूनं रस्त्यावरच्या माणसाला जवळ घेतलं पाहिजे. ज्याला पाठ टेकता येत नाही ते कितीही सुंदर असो, रस्त्याचं नव्हे.

दर्शिनीवर त्यांचा राग होता तो याचसाठी. आमच्या बेंगळुरात दर्शिनी म्हणजे उभ्याउभ्या इडली-कॉफी घ्यायचं हॉटेल. तिथली कॉफी त्यांना प्राणप्रिय, पण स्टीलचा पेला हातात आला की त्या शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायच्या. दुकानदार हटकायचा नाही. एक तर वय, आणि बहुधा तो त्यांचा विद्यार्थी असायचा.

तर या बाई कमिटीत कशा आल्या ते सांगते. शहरात एक नवा नियम करायचं घाटत होतं. मोठी इमारत बांधणाऱ्या प्रत्येक बिल्डरनं बांधकामाच्या खर्चातला लहानसा वाटा लोकांसाठीच्या कलेवर घालायचा. मसुदा करायला कमिटी नेमली. कमिटीत एक कलावंत हवा होता, एक सामान्य नागरिक हवा होता आणि एक बाई हवी होती. एका खुर्चीत तिन्ही बसतात हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि यमुनक्कांना बोलावणं गेलं. मी आर्किटेक्ट, पण तिथं कंत्राटावर, बैठकीत कोण काय बोललं ते लिहून घ्यायला. त्या आल्या, लाल गादीच्या खुर्चीत बसल्या, पाठ टेकून बघितली आणि मला मराठीत म्हणाल्या, "ही बरी आहे गं. बाहेर ठेवायला पाहिजे."

बिल्डरांच्या बाजूनं नंदन नावाचे गृहस्थ यायचे. गोड बोलणं, इस्त्रीचा लिननचा शर्ट, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायची सवय. त्यांचा मुद्दा असा, की फ्लॅट घेणारा माणूस पोटाला चिमटा काढून घेतो. रस्त्यावरच्या लोकांच्या शोभेचा भार त्याच्या डोक्यावर कशाला? आणि असा नियम जगात कुठे असेल तर असेल, आपल्या मातीतला तो नाही. हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं. यमुनक्का पुढे सरकून बसल्या.

त्यांनी सांगितलं ते बेंगळुरात राहणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. चौकाचौकात पिंपळ आणि कडुनिंब एकत्र लावलेले असतात, त्यांचं लग्न लावलेलं असतं, भोवती दगडी कट्टा. कट्ट्यावर ओळीनं नागांचे कोरीव दगड, कन्नडात नागरकल्लू. एकमेकांना वेटोळं घातलेले दोन नाग, मध्ये कधी एखादं लिंग, कधी बाळकृष्ण. हे दगड कुणी सरकारनं बसवलेले नाहीत. कुणाला मूल हवं होतं, कुणाचं पोर दुखण्यातून उठलं होतं. त्या घरानं शिल्पकाराकडून दगड घडवून घेतला, काही दिवस पाण्यात ठेवला आणि नेऊन कट्ट्यावर उभा केला. ज्याला काही मिळवायचं असेल त्यानं पदरमोड करून चौकाला शिल्प द्यायचं, ही आपल्या मातीतली रीत नाही तर काय आहे?

नंदन हसून म्हणाले, ती भक्ती झाली, कायदा नव्हे.

"सगळी भक्ती नव्हती हो," यमुनक्का म्हणाल्या. "भीती होती, हौस होती, शेजारणीनं ठेवला म्हणून मी ठेवते, तेही होतं. पण ठेवला कुठं? रस्त्यावर. आपल्या न्हाणीघरात नाही ठेवला."

यमुनक्का स्वतः देवाधर्माच्या नव्हत्या. कट्ट्यावर दूध घालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या तिथे बसायच्या. मुसलमान केळीवाला बसायचा, दुपारचे रिक्षावाले आडवे व्हायचे, सासूशी भांडून आलेली सून बसायची. देव असो नसो, बूड टेकायला जागा आहे ना, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या आग्रहानं मसुद्यात एक ओळ गेली, की स्थानिक शिल्पपरंपरेतलं काम असेल तर त्याला प्राधान्य द्यावं. नंदननी त्या ओळीला हरकत घेतली नाही. उलट टाळी वाजवली. त्या दिवशी यमुनक्कांनी आम्हा सगळ्यांना कॉफी पाजली आणि सगळ्यांना पायरीवर बसवलं. लिननच्या शर्टासकट.

आता जे झालं ते.

सर्जापूर रोडच्या आत एक गाव होतं. होतं म्हणायचं कारण आता तिथे मनोऱ्यांची नावंच राहिलीत, इटलीतल्या गावांची. त्या गावाच्या तिठ्यावर असाच कट्टा होता. जुना पिंपळ आणि दगडांची दाटी. त्याच्या पायथ्याशी सिद्दम्मा फुलं विकायची. शाळेच्या सहली शहराबाहेर नेण्याच्या दिवसांपासून यमुनक्कांची तिची ओळख. कट्ट्यावरच्या दगडांतला एक सिद्दम्माच्या आईनं ठेवलेला. तो ठेवल्यावर सिद्दम्मा झाली. नाग जरा बोजड, फणा एका बाजूला कललेला, शिल्पकार नवशिका असावा. सिद्दम्मा त्या दगडाला घरच्या माणसाला ओरडावं तशी ओरडायची, कलू नको म्हणून. यमुनक्कांना तो दगड सगळ्यांत जास्त आवडायचा.

रस्तारुंदीत पिंपळ गेला. कट्टा फोडला. बायका जमल्या तेव्हा शेजारच्या बिल्डरच्या माणसांनी सांगितलं, काळजी नको, दगड आम्ही जपून ठेवतो. क्रेन लावून त्यांनी दगड उचलले, गोणपाटात गुंडाळले. सिद्दम्मानं क्रेनला हळदकुंकू लावलं. इतकी साधी माणसं. रस्ता झाला की दगड परत येतील, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

दरम्यान आमच्या मसुद्याचा नियम झाला होता. मग निमंत्रण आलं. नियमाखाली पूर्ण झालेलं पहिलं काम, लोकार्पणाला अवश्य यावे. बिल्डर म्हणजे नंदनचीच कंपनी. मी आणि यमुनक्का गेलो. त्यांनी कडक इस्त्रीची मैसूर सिल्क नेसली होती. गाडीत मला म्हणाल्या, बघू गं, काय केलंय पोरांनी.

फाटक, मग दुसरं फाटक, मग कारंजं, मग पांढरे गुळगुळीत गोटे पसरलेलं आवार. त्यात ते दगड. गावातले. ओळीनं नव्हे, कलात्मक अंतर ठेवून. प्रत्येकाखाली दिवा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीचा, तेलाचा, दुधाचा थर ॲसिड लावून काढून टाकलेला, त्यामुळे सगळे नाग धुतलेल्या परातीसारखे करडे. भोवती मखमली दोरी. सिद्दम्माच्या आईचा दगड मला फण्यावरून ओळखू आला. तो त्यांनी सरळ दिसावा म्हणून खाली पाचर मारून उभा केला होता. समोर पितळी पाटी. पाटीवर कंपनीचं नाव आणि स्थानिक शिल्पपरंपरेबद्दलची यमुनक्कांची ओळ. जशीच्या तशी. खाली लहान अक्षरांत त्यांचे आभार.

मला कळायला वेळ लागला. नव्या कलेला जो खर्च करायचा होता तो त्यांनी केलाच नव्हता. रस्त्यावरची कला उचलून आत आणली होती आणि तीच आपली देणगी म्हणून दाखवली होती. कलाही गेली, कट्टाही गेला आणि नियम पाळल्याचा दाखला मिळाला. वर बाईंच्याच हातात गुच्छ.

यमुनक्का दोरीखालून वाकून आत गेल्या, मागोमाग मी. गार्ड हिंदीत म्हणाला, मॅडम, छूना मना है. त्या थांबल्या. चष्मा काढला, पदराला पुसला. फोटोग्राफरनं सगळ्यांना हसा म्हणून सांगितलं. नंदन समोर येऊन उभे राहिले.

"स्वामी," यमुनक्का म्हणाल्या, "हे दगड ज्यांनी ठेवले त्यांनी नाव नाही घातलं. तुम्ही काही न ठेवता घातलंत."

तोच तो फोटो.

आम्ही तक्रार केली. कार्यालयातल्या माणसानं नियम वाचून दाखवला. काम स्थानिक परंपरेतलं आहे का? आहे. जागेवर बसवलंय का? बसवलंय. काम नवंच असावं असं कुठे म्हटलंय? मी मसुदा लिहून घेणारी, मला माहीत होतं की कुठेच म्हटलेलं नाही. यमुनक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग त्यांनी त्या माणसाला विचारलं, "चोरू नये, हे नियमात लिहायचं असतं का स्वामी?" त्यानं पंख्याकडे बघितलं. त्याला उत्तर येत नव्हतं असं नाही. त्याला ते द्यायचं नव्हतं. असल्या माणसांचा मला नंदनपेक्षा जास्त संताप येतो. नंदनला निदान फायदा होता.

नागपंचमीला सिद्दम्मा दुधाचा तांब्या घेऊन फाटकावर गेली. गार्डनं विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय? ती म्हणाली, नागप्पाकडे. तो मोबाइलवर नागप्पा नावाचा रहिवासी शोधत राहिला. सापडला नाही म्हणून तिला परत पाठवलं. त्याला मी दोष देत नाही. तो ओडिशातल्या कुठल्या गावाहून आलेला. त्याच्याही गावात असलंच काहीतरी झाडाखाली असणार आणि ते कुणीतरी असंच उचललं असणार.

ही गोष्ट फिरली तेव्हा आतल्या काही भल्या रहिवाशांना वाईट वाटलं. त्यांनी सोसायटीत ठराव केला, की वर्षातून एक दिवस ओळखपत्र दाखवून बायकांना आत सोडावं. एक तरुण जोडपं तो ठराव घेऊन चामराजपेटला यमुनक्कांकडे आलं. त्यांना वाटलं बाई खूश होतील. यमुनक्कांनी त्यांना कॉफी दिली, मुलीच्या कानातल्यांचं कौतुक केलं आणि नको म्हणून सांगितलं. मुलगा जरा दुखावला. निदान एक दिवस तरी, असं काहीतरी म्हणाला.

"विचारून बसायचं असेल तर तो सोफा झाला रे मगा," त्या म्हणाल्या. "कट्टा नव्हे."

मला त्या वेळी वाटलं, हा हट्ट झाला. बायकांना एक दिवस तर मिळाला असता. जिन्यात मी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता मलाही स्वामी म्हणतात की काय, अशी धास्ती वाटली. पण त्या नुसत्या जिन्यात बसल्या. दमल्या होत्या. म्हणाल्या, माझीच ओळ आहे गं त्या पितळेवर. आता या ठरावावर सहीही देऊ का?

यमुनक्कांना मी शेवटचं पाहिलं ते एका भिंतीपाशी.

त्या वस्तीची रस्त्याकडची भिंत काळ्या ग्रॅनाइटची आहे, आरशासारखी. दगड ठेवलेत ते आवार बरोबर तिच्यामागे. सिद्दम्मानं ते यमुनक्कांना विचारून हिशेबानं ओळखलं होतं, आणि कट्टाही पूर्वी तिथूनच चार पावलांवर होता. मंगळवार होता. यमुनक्कांनी मला फोन करून बोलावलं. गेले तर भिंतीसमोर पाच-सहा बायका, दुधाचे तांबे, फुलं, आणि यमुनक्का एका वाटीत हळद कालवताहेत. त्या बाईंना मी पहिल्यांदाच हळदीत हात घालताना बघत होते. मला वाटलं, म्हातारपणी देव आठवला.

त्यांनी बोटानं भिंतीवर रेघ ओढली. काळ्यावर पिवळी, ओली, जाड. वर गेली, वळली, खाली आली, दुसरीला भेटली. जन्मभर फळ्यावर काढलेला हात. बघता बघता दोन नाग उभे राहिले, माणसाच्या उंचीचे, एकमेकांत गुंतलेले. एका नागाचा फणा त्यांनी मुद्दाम कलता काढला. सिद्दम्मा त्याला ओरडली, कलू नको म्हणून, आणि रडायला लागली. बायकांनी भिंतीवर दूध ओतलं. ते हळद घेऊन फूटपाथवर आलं. एक रिक्षा थांबली. मग दुसरी.

नंदन आले. बहुधा आत कुठे बैठकीत असतील, गार्डनं कळवलं असेल. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, अक्का, तुमच्याविषयी आदर आहे, पण ही खाजगी मालमत्ता आहे, हे विद्रूपीकरण होतं, मला पोलिसांना बोलवावं लागेल.

यमुनक्कांनी चष्मा काढला. हात हळदीचे होते, पदरही पिवळा झाला.

"नियमात बसतं, स्वामी," त्या म्हणाल्या. "स्थानिक परंपरेतलं आहे. तुमच्या जागेवर आहे. रस्त्यावरून दिसतं. आणि भिंतीचा खर्च तुम्हीच केलाय."

रिक्षावाल्यांतला एक जण हसला. नंदननी गार्डला पाण्याचा पाइप आणायला सांगितलं. गार्ड आत गेला तो लवकर आलाच नाही. नंदन घड्याळ बघत उभे राहिले, मग फोनवर बोलत फाटकातून आत गेले.

ती भिंत नंतर धुतली गेली हे मला माहीत आहे. पुढच्या मंगळवारी बायकांनी नाग पुन्हा काढले, भिंत पुन्हा धुतली गेली. अजून तसंच चाललंय. नाग आता सिद्दम्मा काढते, तिला चांगले येत नाहीत. श्रद्धांजलीच्या फोटोत यातलं काहीही नाही आणि त्यांना ते घालायची हिंमत होणार नाही.

त्या पहिल्या मंगळवारी मला ऑफिस गाठायचं होतं. बस आली. मी चढले आणि खिडकीतून मागे बघितलं. बायका पांगत होत्या. यमुनक्का भिंतीकडे पाठ करून उभ्या होत्या. मग त्यांनी हातानं चाचपून अंदाज घेतला, सावकाश फूटपाथवर बसल्या आणि त्या ओल्या नागांना पाठ टेकून बघितली.